पाचरीची अक्षरं

ज्योत्स्नाची अक्षरं पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी पाऊलभर मागे सरायचा आणि मग वाचायला लागायचा. ही थाप नाही. सेलूच्या बसस्टँडसमोर निकेशचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथल्या बाकड्यावर बसून हे कोणालाही बघता येत होतं. आत कम्प्युटरवर बसलेली पोरगी ते बघून गालातल्या गालात हसायची. हसली बापडी, तेव्हा तिचे हसण्याचेच दिवस होते.

चिचटोल्याच्या जंगलू मडावीची ही धाकटी लेक. चिचटोला म्हणजे जंगलाच्या काठाला गोंडांची मूठभर घरं. डांबरी रस्ता सोडला की फाट्यावरून कच्च्या वाटेनं बरंच आत जावं लागतं. थोरली रिंकू लग्न होऊन आर्वीकडे गेली. धाकटीला चित्रांचं वेड, म्हणून बापानं तिला नागपूरला शिकवली. शिकून आली ती निकेशकडे कामाला लागली. वाढदिवस, तेरवी, कबड्डीचे सामने, रसवंतीचं उद्घाटन, सगळ्याला तीच ती गोलमटोल अक्षरं. पाहून पाहून पोरीचं डोकं उठलं. "हे अक्षरं नोय निकेशभाऊ, लाडू हाये लाडू," ती म्हणायची.

हवं ते तिला घरच्याच आंगणात सापडलं. जंगलू मोहाचा ओंडका फोडत होता. असला ओंडका नुसत्या कुऱ्हाडीला दाद देत नाही. त्याच्या चिरेत लोखंडी पाचर बसवायची, वरून घण घालायचा, की लाकूड कडाडून दुभंगतं. पाचर वरून जाड, खाली टोक. ज्योत्स्ना ओट्यावर बसून बघत होती आणि बघता बघता उठून घरातला कागद घेऊन आली. काना म्हणजे काय? उभी ठोकलेली पाचर. मात्रा म्हणजे? तिरपी पाचर. मग सगळी बाराखडीच पाचरींनी का बांधू नये?

सोपं नव्हतं ते. आपली लिपी गोलाईवर जगते, आणि हिला गोलाई औषधालाही नको होती. व, ब, क यांच्या पोटांवर तिनं सरळ घाव घातले. वेलांटीची मऊ कमान मोडून तिच्या दोन पाचरी केल्या, एकमेकींच्या अंगावर आलेल्या. 'ळ'नं तर तिला रडवलं. शेवटी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, तेव्हा कुठं तो वठणीवर आला. शिरोरेघ घराच्या आड्याएवढी जाड ठेवली आणि तिचं उजवं टोक तिरपं छाटलं. अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा मुद्दाम चिंचोळी केली, म्हणजे काळा रंग अंगावर येतो. सगळा उन्हाळा त्यात गेला. फॉन्टचं नाव तिनं 'पाचर'च ठेवलं.

आणि काय चालली ती पाचर! लांबून, धावत्या मोटरसायकलवरून एका नजरेत वाचता यायची. जिमवाल्यांनी घेतली, डीजेवाल्यांनी घेतली, कबड्डीच्या मंडळांनी तर भांडून घेतली. ट्रॅक्टरच्या कपाळावर पोरांनी आपापली नावं याच अक्षरांत काढून घेतली. बारीक केली की मात्र अक्षर अक्षराला खायचं. एका हौशी बापानं लग्नपत्रिकेवर छापून घेतली, तर नवरीकडचा मामा पत्रिका घेऊन विचारायला आला, "लग्न हाये का मारामारी?" निकेश दोन दिवस हसत होता.

मग भैय्याजी आले.

मुरूम भैय्याजींचा, रेती भैय्याजींची, विटभट्ट्या भैय्याजींच्या. तालुक्यात घमेलंभर माती हलली तरी ती त्यांना विचारून हलायची. वाढदिवसाचा फ्लेक्स बघायला म्हणून ते दुकानात आले आणि पडद्यावर आपलं नाव त्या अक्षरांत पाहून उभेच राहिले. माणूस जाडजूड, आवाज मात्र अगदी हळू.

"कोनाचं अक्षर हाये हे?"

"आपल्या ज्योत्स्नाचं," निकेश कौतुकानं म्हणाला.

"आता माह्यं," भैय्याजी हसले. "दुसऱ्या कोनाच्या बोर्डावर दिसलं नाई पाहिजे, निकेश. समजलं न?"

निकेशला समजलं. ज्योत्स्नाला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर पोरीला आधी अभिमानच वाटला. तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं तिचं अक्षर मागून घेतलं होतं!

अभिमान फार टिकला नाही. भैय्याजींनी वाढदिवस सोडून ती अक्षरं भलतीकडेच लावली. 'ही जागा भैय्याजींची. आत पाऊल टाकू नये.' नाल्याकाठी बोर्ड, टेकडीखाली बोर्ड, गायरानात बोर्ड. जागा खरंच कोणाची ते विचारायला कोणी गेलं नाही. एक अंकुश गेला. बकऱ्या चारणारा साधा माणूस तो. "चराईची जागा हाये, मी तं जाईन," असं म्हणून बकऱ्या घेऊन बोर्डापलीकडे गेला, आणि त्याला खाटेवर घालून परत आणावं लागलं. त्याचा पाय काही नीट जुळला नाही. तेव्हापासून सेलूच्या आठवडी बाजारात तो फरफटत चालताना दिसतो, आणि लोक त्याच्याकडे बघून बोर्ड पाळतात.

एकदा ज्योत्स्नाची माय, शकुबाई, सरपणाला गेलेली रिकाम्या हातानं परत आली.

"काऊन वो माय, का झालं?"

"नाल्यावर तो बोर्ड लावला हाये न. वापस आली मी."

"तुले तं वाचता येत नाई!"

"वाचाले कायले लागते, बाई?" शकुबाई म्हणाली. "ते काये काये दात पाह्यले का पोटात गोयाच येते."

कॉलेजात सर शिकवायचे, अक्षर असं पाहिजे की वाचण्याआधी समजलं पाहिजे. तिच्या मायनं तिला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. त्या दिवशी ज्योत्स्नाला भाकर गोड लागली नाही.

पोळा झाल्यावर रिंकू बाळंतपणाला माहेरी आली. आधीचं एक पोटातच गेलेलं. तेव्हापासून सासरी तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. यावेळी दिवस टिकले होते, पोट चांगलं दिसत होतं, तरी डोळ्यांत भीती होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावून सांगितलं होतं, प्रेशर वाढतं आहे, झोप पाहिजे, धक्का-दणका नको. ज्योत्स्ना दुकानातून आली की बहिणीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपत बसायची. रिंकू म्हणायची, "हे पोरगं जगलं न ज्योत्स्ना, तं मी बी जगली समज." असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटत असेल? ज्योत्स्नानं मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी या लेकराला हात लागू द्यायचा नाही.

आणि नेमके तेव्हाच टोल्यामागच्या टेकडीचा मुरूम काढायला टिप्पर लागले. भैय्याजींचंच काम, गाड्या ठेकेदाराच्या, ड्रायव्हर बाहेरगावचे. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत जंगलूच्या दारावरून घरघर आणि दणके. मांडणीवरची भांडी खाली यायची. धुळीनं रिंकू खोकून खोकून बेजार व्हायची, आणि प्रत्येक दणक्याला पोटावर हात धरून बसायची. जंगलूनं टिप्परसमोर उभं राहून हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, हमको मत बोलो, मालिक को बोलो." मालकाला बोलायचं म्हणजे आ बैल मुझे मार.

"बाबा, मले एक सुचते," ज्योत्स्ना एका रविवारी म्हणाली. "भैय्याजीचे बोर्ड कोनी उलटून विचारते का? नाई न? मंग फाट्यावर आपणच एक लावू. त्याच अक्षरांत. टिप्परवाले समजतीन, मालकानंच रस्ता बंद केला."

"बेटा," जंगलू म्हणाला, "वाघाच्या नावानं आरोळी मारली तं गुरं पयतात, पण मानसंबी पयतात."

"बाळंतपण होऊ द्या, मंग काढून टाकीन."

आतून रिंकूचा खोकला ऐकू येत होता. जंगलूनंच कुदळ उचलली.

बोर्ड मोठा झाला होता, माणसापेक्षा उंच. पांढऱ्यावर काळी पाचर. 'हा रस्ता बंद. पुढे जाणाऱ्याची खैर नाही.' खाली कोणाचंच नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. निकेशला तिनं सांगितलं नाही, तो दुकानात नसताना छापला. टोल्यातही बापलेकींशिवाय कोणाला कळलं नाही. रिंकूला तर नाहीच. ती घाबरली असती.

सकाळी पहिला टिप्पर फाट्यावर आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, वाचलं, आणि गाडी मागे घेतली. त्याच्यामागचा पण वळला. झाडाआड उभी राहून ज्योत्स्ना बघत होती. आनंदानं तिला रडूच फुटलं. ठेकेदाराला वाटलं भैय्याजींनी बंद केलं, भैय्याजींच्या माणसांना वाटलं भैय्याजींनी ठेकेदाराला दुसरी वाट दिली असेल, आणि खुद्द भैय्याजींना विचारायची कोणाची छाती? टेकडीच्या पलीकडून खोदणं सुरू झालं. टोल्यात पुन्हा होला पाखरांचं घुमणं ऐकू यायला लागलं. रिंकू दुपारभर झोपली. उठून म्हणाली, "देवच पावला वं ज्योत्स्ना!"

पण टिप्पर कोण आणि टोल्याचा माणूस कोण, हे त्या अक्षराला थोडंच कळत होतं. आधी सायकलवरचा भाजीवाला यायचा बंद झाला. मग गॅसची गाडी फाट्यावरूनच परत गेली. आशाताई नेमानं रिंकूला बघायला यायची. तिचा फोन आला, "मी नाई येत बाई तिकडं, मले लेकरंबाळं हायेत. तुम्हीच तिले सेलूले घेऊन येजा." टोल्यातली माणसंसुद्धा फाटा टाळून नाल्यातून ये-जा करायला लागली. शकुबाई डोक्यावर तांदळाची थैली घेऊन, गुडघाभर चिखलातून, भल्या मोठ्या वळशानं घरी आली तेव्हा ज्योत्स्नाच्या तोंडाशी शब्द आले होते. माय, तो बोर्ड खोटा हाये. पण मायच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि टोल्यात कळलं की सेलूत कळणार. तिनं मायच्या डोक्यावरची थैली उतरवून घेतली.

"काढून टाक आता," जंगलू म्हणाला.

"थोडे दिवस, बाबा. दिवस भरायच्या आधीच ताईले सेलूले खोली करून ठिवू. मंग काढू." तिनं खोलीसुद्धा बघून ठेवली होती. बाजाराच्या मागे, दवाखान्याला लागून.

कळा मात्र त्याआधीच आल्या, भर दुपारी. जंगलूनं टेकाडावर चढून, रेंज धरून दवाखान्याच्या गाडीला फोन केला, मग ज्योत्स्नाला. "गाडी निंगाली म्हनतात. पाणी फुटलं हाये, बेटा. लवकर ये."

ज्योत्स्नाच्या हातातून माऊसच सुटला. निकेशनं काही न विचारता मोटरसायकल काढली. रस्ताभर ती एकच गोष्ट म्हणत होती, बोर्ड, निकेशभाऊ, बोर्ड. निकेशला काही उमगेना.

फाट्यावर गाडी उभी होती. पांढरी, दार बंद, इंजिन चालू. ड्रायव्हर धनंजय खाली उतरून बोर्डाकडे बघत विडी ओढत होता.

"आत काऊन नाई गेले, दादा?" ज्योत्स्ना ओरडली. "ताई तिथं मरून राह्यली!"

"बोर्ड वाचा न म्याडम. मले आत जाता येत नाई," धनंजय म्हणाला. माणूस वाईट नव्हता, उगीच का खोटं बोला. "अंकुशले मीच याच गाडीत टाकून नेलतं. त्याचं हाड बाहेर आलेलं पाह्यलं म्या. तुम्ही पेशंटले इथवर आना, मी हालत नाई इथून. आईच्यान."

"खाटेवर आणलं तं धक्के लागतीन तिले! तुम्ही चला. काही होत नाई. तो बोर्ड मी लावला हाये."

धनंजय हसला, खरंच हसला. "तुम्ही?"

"मीच! हे अक्षरं माझे हाये. मी बनवले, मी छापला, बाबानं खड्डे खणले."

"काऊन बनवून राह्यले म्याडम," धनंजय म्हणाला. "हे अक्षर भैय्याजीचं हाये. साऱ्या तालुक्याले मालूम हाये."

तिनं निकेशकडे पाहिलं. निकेशला आत्ता कुठे सगळं कळत होतं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तिचेच हाये, भाऊ," तो म्हणाला, पण इतक्या हळू की त्याचं त्यालाच खरं वाटलं नसेल.

आता इथं पोरीनं दम खायला हवा होता. गाडी थांबलेली होती, माणूस थांबायला तयार होता, वाटेवर लांब धूळ उठली होती, म्हणजे टोल्यातले गडी खाट उचलून निघालेच होते. पण डोकं ठिकाणावर असतं तर माणसं पस्तावली कशाला असती? आपलं आहे ते आपलंच आहे हे दाखवायचं तिच्या मनानं घेतलं. ती धावत गेली आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यात बोटं घालून सगळ्या अंगाचा झोक दिला. टरकन आवाज झाला. अर्धा बोर्ड चौकटीवरून सुटून तिच्या अंगावर आला.

"पाहा! झालं का मले काही? पाहा न!"

त्याच वेळी डांबरी रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. पुढे जाऊन हळू झाली. मागे बसलेल्यानं वळून पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला. फोटो काढला की नुसता फोन लावला, देव जाणे. धनंजयनं मात्र ते पाहिलं.

"अरे बाप्पा! बोर्ड फाडला वो तुम्ही," तो मागे सरत म्हणाला. "माह्या गाडीसमोर फाडला. आता माह्यंच नाव येते. मीच फाडला म्हणतीन."

"दादा, नाई! दादा, थांबा!"

"मले दोन पोरी हाये, म्याडम." त्यानं दार ओढलं. ज्योत्स्ना आरशाला लटकली. निकेश गाडीच्या आडवा झाला. धनंजयनं गाडी मागे घेतली, रस्त्याच्या कडेनं वळवली आणि सेलूकडे भरधाव काढली. बोर्डाला कोणी हात लावला नसता तर ती गाडी तिथंच उभी राहिली असती. ज्योत्स्नाला हे तिथंच, त्याच क्षणी कळलं.

खाट आली. चार गडी घामानं निथळत होते. जंगलूच्या खांद्याची सालटं गेली होती. मागून शकुबाई धोतराची फडकी घेऊन पळत होती. रिंकूचे ओठ पांढरे पडले होते.

"गाडी कुठं हाये?" जंगलूनं विचारलं. लेकीच्या हातातल्या फ्लेक्सकडे त्यानं पाहिलं आणि परत विचारलं नाही.

निकेश मिळेल ते वाहन आणतो म्हणून सेलूकडे सुटला. इकडे रिंकू ओरडली. शकुबाईनं खाट पळसाच्या सावलीत ठेवायला लावली. "आता नाई थांबत हे. गडी मानसं तिकडं व्हा. आडोसा करा कोनी!"

आडोशाला होतं काय? शकुबाईनंच ज्योत्स्नाच्या हातातला फ्लेक्स ओढला, उरलेला चौकटीवरून फाडून घेतला. "धर तिकून," ती म्हणाली. टोल्यातली एक बाई एका कोपऱ्याला, ज्योत्स्ना दुसऱ्या कोपऱ्याला. दोघींनी फ्लेक्स ताणून धरला. पांढरी बाजू आत, रिंकूकडे. अक्षरं बाहेर, रस्त्याकडे.

जंगलू डांबरी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता. एक जीप आली. लांबूनच हळू झाली. ड्रायव्हरची नजर म्हाताऱ्यावरून फ्लेक्सवर गेली, आणि जीप त्याला वळसा घालून पळाली. मग एक टेम्पो आला, तोही पळाला. मग लग्नाची माणसं घेऊन चाललेली एक मोठी गाडी. तिच्यातल्या बायकांनी खिडकीतून पाहिलं, आणि लेकरांच्या डोळ्यांवर हात ठेवले. ज्योत्स्नानं हात खाली केले असते तर आतलं सगळं उघडं पडलं असतं. वर धरले होते, तर रस्ताभर सगळ्यांना ते वाचता येत होतं. लांबून, धावत्या गाडीतून, एका नजरेत.

आत रिंकूनं एकदाच मोठ्यानं किंकाळी फोडली आणि मग नुसते श्वास ऐकू आले. शकुबाई काहीतरी थोपटत होती. उलटं धरून थोपटत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती, तोंडानं फुंकत होती. सगळ्या टोल्यातली लेकरं तिच्याच हातावर जन्मलेली. पण बाई हळूहळू थांबली.

"माय," रिंकू म्हणाली, "पोरगं का पोरगी?"

शकुबाईनं लेकराचं तोंड फडक्यानं झाकलं.

"ज्योत्स्ना, तू तरी सांग वं. रडून काऊन नाई राह्यलं?"

ज्योत्स्नाचे दोन्ही हात वर होते, फ्लेक्सच्या कोपऱ्याला. तिच्या आणि बहिणीच्या मध्ये तो एवढा पातळ पडदा. रस्त्यावर आणखी एक गाडी हळू झाली, आणि तिनं वेग घेतला.